नव्वदचा पाढा

मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं कुणी ना कुणी परदेशात असेल. काका असतील, आत्या असेल, शेजारचा दादा असेल. सुट्टीत ही मंडळी आली की त्यांच्या बॅगेतून चॉकलेटं निघतात. मग मोठी माणसं आवाज जरा खाली आणून विचारतात, "तिकडे पगार किती असतो हो?" उत्तर आलं की प्रत्येकाच्या मनात गुणाकार सुरू होतो आणि तो संपला की डोळे मोठे होतात. "बापरे! महिन्याला एवढे लाख?"

मीही अशीच परदेशात राहणारी एक आई. आम्ही मूळचे नाशिकचे. २०१९ साली मुलांच्या बाबांना जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरात नोकरी लागली आणि आम्ही चौघं तिकडे गेलो. लेक तेव्हा सात वर्षांची होती, धाकटा तीनचा. श्टुटगार्ट हे मोटारींचं गाव. डोंगरांच्या खोलगट वाटीत वसलेलं, उतारावर द्राक्षांचे मळे असलेलं. द्राक्षं पाहून आम्हा नाशिककरांना जरा बरं वाटलं! मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून एकमेकांची भगिनी-शहरं आहेत, हेही तिथे गेल्यावर कळलं.

"तिकडे राहणं परवडतं का हो?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आज तुमच्यासमोर सगळी हिशेबाची वहीच उघडून बसते. घाबरू नका, गणित चौथी-पाचवीचंच आहे. गुणाकार आणि भागाकार आले की झालं.

आधी घर बघू. नाशिकला आम्ही दोन बेडरूमच्या भाड्याच्या घरात राहत होतो. भाडं महिना ११ हजार रुपये. श्टुटगार्टला तेवढंच घर शोधायला निघालो, तर पहिला गोंधळ खोल्या मोजण्यातच! आपण म्हणतो 'टू बीएचके'. तिथे हॉलही खोलीतच धरतात आणि स्वयंपाकघर, न्हाणीघर मोजत नाहीत. म्हणजे आपलं 'टू बीएचके' तिथे 'तीन खोल्यांचं घर' होतं.

दुसरी गंमत भाड्याची. तिथे भाडी दोन प्रकारची असतात, थंड आणि गरम! खरंच सांगते. 'काल्टमीटे' म्हणजे थंड भाडं, नुसत्या जागेचं. त्यात घर गरम ठेवण्याचा खर्च, पाणी, कचरा, जिन्यातला दिवा असं सगळं मिळवलं की होतं 'वार्ममीटे', म्हणजे गरम भाडं. जाहिरातीत थंड भाडं ठळक छापलेलं असतं, पण खिशातून जातं ते गरम. विजेचं आणि इंटरनेटचं बिल बहुतेक वेळा त्याहून वेगळंच. शिवाय रेडिओ-टीव्हीसाठी दर घरामागे महिना १८ युरो ३६ सेंट वर्गणी. घरात टीव्ही असो वा नसो!

तिसरी गोष्ट ऐकून माझ्या आईला तर विश्वासच बसला नव्हता. तिथे पुष्कळदा घर मिळतं ते स्वयंपाकघराशिवाय. खोली असते हो, पण आत ओटा नाही, शेगडी नाही, भांडी धुवायचं सिंकसुद्धा नाही. भिंतीतून नुसते नळ आणि तारा बाहेर आलेल्या. जुना भाडेकरू स्वतःचा ओटा, कपाटं उचकटून सोबत नेतो, कारण ती त्याची असतात. आमच्या नशिबानं आधीच्या भाडेकरूनं त्याचं सगळं सामान आम्हाला वापरलेल्या भावात विकलं.

आपल्यासारखं डिपॉझिट तिथेही असतं. मात्र कायद्यानं ते थंड भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, तीन हप्त्यांत देता येतं, आणि घरमालकाला ते स्वतःच्या पैशांपासून वेगळं, व्याजानं ठेवावं लागतं. जर्मनीत निम्म्याहून जास्त लोक भाड्याच्या घरात राहतात. "अजून स्वतःचं घर झालं नाही का?" असं तिथे कुणी कुणाला टोचून विचारत नाही, कारण विचारणाराही बहुधा भाडेकरूच असतो!

तर आमचं थंड भाडं ठरलं १,०२० युरो. त्या वेळी एक युरो साधारण ८० रुपयांना होता. करा गुणाकार. एक्क्याऐंशी हजार सहाशे! नाशिकचे अकरा हजार कुठे आणि हे कुठे. त्या रात्री मुलांचे बाबा आणि मी दोघंही बराच वेळ जागे होतो.

आणि हो, भाड्याबरोबर एक कामही येतं. त्या भागात 'केरवोखं' नावाची पद्धत आहे. 'केरेन' म्हणजे झाडणं आणि 'वोखं' म्हणजे आठवडा. आपला 'केर' आणि त्यांचा 'केर' कानाला अगदी सारखा, नाही का? ज्या आठवड्यात आपल्या दाराला ती पाटी लटकते, त्या आठवड्यात जिना झाडायचा-पुसायचा आपण. डॉक्टर असा की प्राध्यापक, पाटी आली की झाडू हातात. आमचा धाकटा ती पाटी शेजारच्या दाराला नेऊन लावण्याची फार वाट बघत असतो. हा केर लक्षात ठेवा बरं का, पुढे त्याचं काम पडणार आहे.

आता बाजारात चला. दुकानाबाहेर ट्रॉल्या साखळीनं एकमेकींना बांधलेल्या. युरोचं नाणं खाचेत घातलं की एक सुटते, आणि परत नेऊन लावली की नाणं परत. म्हणून ट्रॉल्या रस्त्यावर भटकत नाहीत. पाण्याच्या, सरबताच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवरही २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राला खाऊ घातली की ते चिठ्ठी देतं आणि तेवढे पैसे बिलातून वजा होतात. धाकट्याचा खाऊचा पैसा असाच जमतो. पण तिथेच एक आजोबाही मला दिसतात. ते स्टेशनजवळच्या कचरापेट्यांतून बाटल्या गोळा करत असतात. त्यांना हात घालून शोधावं लागू नये म्हणून पुष्कळ लोक बाटली पेटीत न टाकता शेजारी उभी करून ठेवतात. श्रीमंत देशात गरिबी नसते असं कुणी सांगितलं, तर मला ते आजोबा आठवतात.

दुकानात एमआरपी नावाची गोष्ट नाही. तीच बिस्किटं या दुकानात एका भावाला, पुढच्या दुकानात दुसऱ्या. मग हुशारीनं घ्यायचं कसं? किमतीच्या पाटीवर खाली बारीक अक्षरांत किलोचा किंवा लिटरचा भाव लिहिलेला असतो. कायद्यानं तो लिहावाच लागतो. तो वाचायचा, की कोणतं पाकीट खरंच स्वस्त आणि कोणतं नुसतंच मोठं, ते कळतं. आपल्याकडेही हल्ली बऱ्याच पाकिटांवर एमआरपीजवळ एका ग्रॅमचा किंवा एका नगाचा भाव छापलेला असतो. उद्या वाण्याकडे गेलात की शोधा बघू!

२०२४ सालचे आमच्या वहीतले थोडे भाव सांगते. दूध एक लिटर, साधारण १ युरो १० सेंट. अंडं एक, २० सेंट. तिथला खारा, गाठ मारलेला पाव असतो, 'ब्रेत्सेल' म्हणतात, तो ९० सेंट. कोथिंबिरीचं चिमूटभर, चाळीस ग्रॅमचं पाकीट १ युरो ३० सेंट. आणि केस कापायला? २५ युरो!

ऐकायला लहान वाटतात ना हे आकडे? आमच्याकडे आलेल्या आजींना ते तसे वाटले नाहीत.

२०२४ च्या मे महिन्यात माझ्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या. नाशिकला त्या माझ्या दिरांकडे राहतात. शाळेत शिक्षिका होत्या, आता पेन्शन घेतात. हिशेबाला पक्क्या. तेव्हा युरो होता नव्वद रुपयांच्या आसपास. विमानतळावरून घरी येईपर्यंतच आजींचा नव्वदचा पाढा तयार झाला होता. बसचं तिकीट बघितलं, गुणिले नव्वद. ब्रेत्सेल बघितला, गुणिले नव्वद. "अगं, एक्क्याऐंशी रुपयांचा पाव? तोसुद्धा मध्ये भोकं असलेला?" मुलं खो खो हसायची. आठवडाभर मलाही त्याची मजाच वाटली.

मग माझ्या लक्षात आलं की आजी संध्याकाळचं दूध घेईनाशा झाल्यात. चहा अर्धा कप. फळं पुढे केली की "मला आंबट सोसत नाही." एकदा लेकीनं हौसेनं पाव किलो स्ट्रॉबेऱ्या आणल्या, अडीच युरोच्या. आजींनी बशी हातात घेतली, ओठ हलले आणि बशी खाली ठेवली. सव्वादोनशे रुपये! "तुम्ही खा मुलांनो. मला नकोत."

"आई, असं उपाशी राहून कसं चालेल?" मी म्हटलं.

"उपाशी कुठे? पण घशाखाली उतरत नाही गं. एवढ्यात तिकडे आठवड्याची भाजी येते."

मुलांच्या बाबांनी समजावलं, चिडले, परत समजावलं. काही उपयोग झाला नाही. पंधरा दिवसांत आजींचे गाल आत गेलेले दिसायला लागले. आता मात्र मला काळजी वाटू लागली. परक्या गावात सत्तरी ओलांडलेलं माणूस, आणि ते केवळ गुणाकारापायी जेवत नाही!

त्यावर तोडगा काढला लेकीनं. ती तेव्हा बारा वर्षांची होती. शाळेत त्यांना बाईंनी सांगितलं होतं, की वेगवेगळ्या देशांतल्या किमती ताडून बघायच्या तर 'हे मिळवायला किती वेळ काम करावं लागतं?' असं विचारावं. तिनं वही घेतली, दोन रकाने आखले आणि आजीच्या शेजारी जाऊन बसली.

"आजी, तू पैसे नको मोजूस. मिनिटं मोज."

तुम्हीही कागद-पेन्सिल घ्या. २०२४ साली जर्मनीत कायद्यानं ठरलेला कमीत कमी पगार होता तासाला १२ युरो ४१ सेंट. म्हणजे मिनिटाला साधारण २० सेंट धरू. नाशिकला आमच्या ओळखीच्या बांधकामावर बिगाऱ्याला दिवसाचे ६०० रुपये मिळत होते. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ७५ रुपये, मिनिटाला सव्वा रुपया. आता भागाकार.

एक अंडं: श्टुटगार्टला एक मिनिट. नाशिकला सात रुपयांचं अंडं, साडेपाच मिनिटं.

एक लिटर दूध: श्टुटगार्टला साडेपाच मिनिटं. नाशिकला ५६ रुपये, म्हणजे पाऊण तास!

पोटाला आधार: श्टुटगार्टला ब्रेत्सेल, साडेचार मिनिटं. नाशिकला पंधरा रुपयांचा वडापाव, बारा मिनिटं.

केस कापणं: श्टुटगार्टला दोन तास पाच मिनिटं. नाशिकला शंभर रुपये, एक तास वीस मिनिटं.

बघितलंत? अन्न तिकडे मिनिटांत स्वस्त पडतं, पण केस कापणं महाग. कोथिंबीर तर फारच मजेशीर. तिकडचं चिमूटभर पाकीट साडेसहा मिनिटांचं, आपली पंधरा रुपयांची जुडी बारा मिनिटांची. पण जुडी त्या पाकिटाच्या निदान पाचपट! म्हणून तिकडे कुणी आजारी पडलं तर फुलं न्यावीत, पण मराठी घरी जायचं असेल तर कोथिंबीर न्यावी, असं आम्ही गमतीनं म्हणतो. (पगारातून कर आणि विमा कापला जातो, तो धरला तर तिकडची मिनिटं थोडी वाढतात, पण चित्र बदलत नाही.)

असं ताडून बघण्याची कल्पना काही आमच्या लेकीच्या बाईंचीच नाही बरं का. 'द इकॉनॉमिस्ट' या इंग्रजी साप्ताहिकानं १९८६ पासून एकाच प्रकारच्या बर्गरची किंमत देशोदेशी मोजायला सुरुवात केली. भारतात तो गोमांसाचा बर्गर विकत नाहीत, म्हणून आपल्यासाठी कोंबडीचा 'महाराजा मॅक' धरतात. आपण वडापाव धरला असता!

पण केस कापणंच का महाग? श्टुटगार्टचा न्हावी नाशिकच्या न्हाव्याहून जास्त हुशार असतो का? मुळीच नाही. दोघांनाही डोक्यामागे वीसेक मिनिटंच लागतात. मात्र श्टुटगार्टला आजूबाजूला मोठमोठे कारखाने आहेत. तिथे यंत्रांच्या मदतीनं एक माणूस तासाभरात पुष्कळ माल तयार करतो, म्हणून पगार चांगला मिळतो. न्हाव्याला कमी पैसे मिळाले तर तो कात्री ठेवून कारखान्यात जाईल. म्हणून गिऱ्हाइकाला त्यालाही चांगले पैसे मोजावे लागतात. शर्ट, मोबाइल, तांदूळ जहाजात घालून कुठूनही आणता येतात, त्यामुळे त्यांचे भाव देशोदेशी फार लांब जात नाहीत. पण नाशिकमध्ये कापलेले केस जहाजानं पाठवता येत नाहीत! जागाही तशीच. श्टुटगार्टची खोली श्टुटगार्टमध्येच राहते, म्हणून तिचं भाडं तिथल्या पगारांच्या मागे धावत असतं.

आजींनी वही नीट वाचली. बाईच त्या, एक बेरीज तपासूनही पाहिली. मग म्हणाल्या, "म्हणजे ह्या स्ट्रॉबेऱ्या तुझ्या बाबाच्या साडेबारा मिनिटांच्यासुद्धा नाहीत. त्याला जास्त मिळतात." आणि त्यांनी दोन स्ट्रॉबेऱ्या उचलल्या. पण लगेच म्हणाल्या, "तरीही बाळा, माझी मिनिटं रुपयातली आहेत. मला पेन्शन नाशिकात मिळते. मी तिथलंच मोजणार."

मला हे बोलणं फार पटलं. जो जिथे मिळवतो, तिथल्या मापानं त्यानं मोजावं. युरोत मिळवणाऱ्यानं युरोत खर्च करताना नव्वदनं गुणलं तर तो उपाशी राहील. आणि रुपयांत मिळवणाऱ्यानं युरोचा पगार ऐकून नव्वदनं गुणलं, तर तिकडच्या माणसाच्या घरी पैशांचं झाड आहे असं त्याला वाटेल.

त्या झाडाची पानंही मोजू या. २०२४ मध्ये आमच्या हातात महिन्याला साधारण ४,००० युरो येत होते. त्यात मुलांसाठी सरकार देतं ते भत्त्याचे दर मुलामागे २५० युरोही आले. गुणिले नव्वद, तीन लाख साठ हजार! नातेवाइकांचं गणित इथेच थांबतं. पुढचं बघा. गरम भाडं, वीज, इंटरनेट आणि ती रेडिओची वर्गणी मिळून १,५२० युरो. जेवणखाण आणि साबण-सोडा ८००. बस-रेल्वे १८०. कपडे, सहली, पोहण्याचा क्लास वगैरे ३५०. नाशिकला पाठवतो ते ४००. दोन वर्षांतून एकदा चौघांनी घरी यायच्या तिकिटासाठी बाजूला ३००. करा बेरीज. ३,५५० झाले ना? राहिले ४५०. वॉशिंग मशीन बिघडलं की तेही गेले.

रडगाणं गात नाहीये हं. कारण वहीत न दिसणाऱ्या गोष्टीही मोजायला हव्यात. नाशिकला आमच्या साठ हजार पगारातले बारा हजार शाळेची फी आणि रिक्षा यांत जात होते. श्टुटगार्टला मुलं सरकारी शाळेत जातात, फी नाही. आईबाबांच्या आजारपणाच्या विम्यात मुलांचा विमा वेगळे पैसे न देता येतो. नळाचं पाणी तसंच पिता येतं. उलट, नाशिकला पोळ्या करायला आजी होत्या, मुलांना सांभाळायला शेजारच्या काकू होत्या, आणि त्याचं बिल कधीच आलं नव्हतं. श्टुटगार्टला मला ताप आला की वरणभात कोण करतं, हा रकाना कुठल्याच वहीत नसतो.

या सगळ्या हिशेबामागचा एक नियम मुलांच्या बाबांनी जेवताना सांगितला. अर्न्स्ट एंगेल नावाचे एक जर्मन संख्याशास्त्रज्ञ होते, १८२१ मध्ये ड्रेस्डेन शहरात जन्मलेले. (मार्क्सचे मित्र एंगल्स ते वेगळे.) त्यांनी बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे घरखर्च तपासले आणि १८५७ साली मांडलं, की घर जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला मोठा हिस्सा अन्नावर जातो. आजही हे खरं ठरतं. आपल्या देशाच्या २०२३-२४ च्या पाहणीत खेड्यातल्या घरांचा साधारण ४७ टक्के आणि शहरातल्या घरांचा जवळपास ४० टक्के खर्च खाण्यापिण्यावर होताना दिसला. जर्मनीत हा हिस्सा त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. तिथे खिसा रिकामा करतं ते घर. एक-तृतीयांशापेक्षा जास्त खर्च घरभाडं, वीज आणि ऊब यांवर होतो. म्हणजे आपल्याकडे भाव वाढले की ताटातलं कमी होतं, आणि तिथे खोल्या कमी होतात.

आजी हे सगळं ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी आमच्या दाराला 'केरवोखं'ची पाटी लागलेली होती. मी जिना पुसत होते, आजी पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "इथे हे करायला बाई ठेवली तर काय घेते?"

"तासाला अठरा युरो तरी."

त्या गप्प झाल्या. मग आत जाऊन लेकीची वही घेऊन आल्या आणि त्यांनी स्वतःच एक तिसरा रकाना आखला. त्यावर लिहिलं, 'मावशी'.

नाशिकच्या घरी ज्या मावशी भांडी आणि केर-लादीला येतात, त्यांचा तो रकाना. रोजचा सव्वा तास, महिन्याचे साडेसदतीस तास. पगार १,५०० रुपये. भागा बघू. तासाला चाळीस रुपये! म्हणजे एक अंडं साडेदहा मिनिटांचं. आणि एक लिटर दूध? एक तास चोवीस मिनिटांचं. श्टुटगार्टला जिना पुसणाऱ्या बाईंचं चार मिनिटांचं.

"बारा वर्षं येतेय ती आपल्याकडे," आजी म्हणाल्या. "आणि खाडा झाला की मी पैसे कापत आले."

लेकीनं विचारलं, "आजी, मग नाशिक स्वस्त आहे म्हणजे कुणासाठी?" त्यावर आमच्यापैकी कुणीच लगेच काही बोललं नाही.

ऑगस्टमध्ये आजी परत गेल्या. गेल्या गेल्या त्यांनी मावशींचा पगार २,२०० केला, वरचे पैसे आपल्या पेन्शनमधून. महिन्यात दोन सुट्ट्या पैसे न कापता. माझ्या दिरांचा फोन आला. "वहिनी, आईला काय शिकवून पाठवलंत? सोसायटीत सगळे म्हणतायत, तुम्ही भाव बिघडवता. तुमचं ठीक आहे, तुम्ही युरोत मिळवता!" त्यांचंही अगदी खोटं नाही. त्यांच्या घराचा हप्ता आहे, दोन मुलांची फी आहे. आणि पुढची गोष्ट मला अजून टोचते. मावशींनी दुसऱ्या घरीही वाढ मागितली, तर त्या घरानं त्यांना सांगितलं, "मग तिकडेच जा." ते काम सुटलं. हातात येणारी एकूण रक्कम पहिल्यापेक्षा थोडी कमीच झाली. पुढे चार महिन्यांनी त्यांना तिसरं घर मिळालं, जुन्याच भावात.

म्हणून मी तुम्हाला असं सांगणार नाही, की एक वही आखली आणि सगळं नीट झालं. किमती एकट्यानं बदलत नाहीत. पण त्या कुणाच्या मिनिटांनी ठरतात, हे तरी आपल्याला दिसायला हवं.

आता तुमची पाळी. या रविवारी घरातल्या मोठ्या माणसांच्या मदतीनं एक वही करा. तीन रकाने आखा. पहिल्यात तुमच्या आई किंवा बाबांची एका तासाची कमाई. दुसऱ्यात तुमच्या ओळखीच्या कुणाची, म्हणजे रिक्षावाले काका, भाजीवाल्या आजी, इस्त्रीवाले दादा. आधी त्यांना विचारा मात्र, आणि नीट विचारा. ते सांगायला तयार नसतील तर सोडून द्या. पैशांबद्दल बोलायला प्रत्येकाला आवडतं असं नाही. तिसऱ्या रकान्यात परदेशातल्या काका-आत्यांची. मग दूध, अंडं, वडापाव, केस कापणं आणि एका खोलीचं महिन्याचं भाडं मिनिटांत मांडा. भाड्याला बहुधा मिनिटं पुरणार नाहीत, दिवस मोजावे लागतील.

आणि परदेशातली आत्या या सुट्टीत आली, की "तुला पगार किती?" असं विचारण्याऐवजी "तुमचं भाडं थंड की गरम?" असं विचारा. ती आधी हसेल, आणि मग बसून सगळं सांगेल.